पाचशे फुटांच्या आत

१४ ऑगस्ट
क्ले पॉइंट

मारेनताई,

तुझा पत्ता मी इंग्रिडमावशीच्या फ्रिजवरच्या नाताळच्या कार्डावरून उचलला. तिला विचारलं नाही. नऊ वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र, तेव्हा सुरुवात कशी करतात ते ठाऊक नाही. म्हणून करतच नाही.

मी घरी आलोय. त्याआधी वॉशिंग्टनात चेरी तोडत होतो, त्याआधी एका खेकड्यांच्या बोटीवर, आणि त्याच्याही आधी छपरं बसवणाऱ्या एका माणसाकडे. तो फक्त लोणी आणि कच्चा कांदा खायचा. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण कागद मोजकेच आहेत.

यंदा आपल्या किनाऱ्यावर जाळी लागलीच नाहीत. नदीत किंग सॅमन कमी चढले म्हणून राज्यानं अख्खा किनारा बंद ठेवला. आपण पकडतो लाल सॅमन, पण जाळ्याला रंग कळत नाही म्हणे. जुलैभर बाबा आणि आर्नेकाका आपापल्या ओंडक्यावर बसून समोरून मासे जाताना बघत होते. काका म्हणाले, उड्या मारून मारून वेडावतायत हरामखोर.

आता गंमत बघ. दोघांचं दुःख एक, किनारा एक, मधे फक्त रस्ता, आणि दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत. कारण नोव्हेंबरातलं मतदान. यंदा पुन्हा तो दहा वर्षांनी येणारा प्रश्न आहे, राज्याची घटना नव्यानं लिहायला परिषद बोलवायची का, हो की नाही. मागच्या वेळी तो तुझ्या पहिल्या मतपत्रिकेवर होता. तू काय केलंस ते सांगितलं नव्हतंस आणि बाबा दोन दिवस तुझ्या मागे लागले होते.

काका म्हणतात, घर कुजलं तर पाडायचं आणि नवं बांधायचं. ज्यांनी किनारा बंद केला त्यांच्या हातात पुन्हा असं काही राहता कामा नये. बाबा म्हणतात, अरे मूर्खा, पहिल्या घटनेत मासे सगळ्यांचे होते. नंतर लोकांनी मत देऊन एक ओळ घातली म्हणून तुझ्यामाझ्याकडे परवाने आहेत. घटना उघडली की ती ओळ आधी उडणार, मग टेक्सासमधून येणारा कोणीही तुझ्या डोक्यावर जाळं लावील. काका म्हणतात, लावू दे की, बंद किनाऱ्यावर.

बाबांनी जुनी होडी रस्त्याच्या कडेला पालथी घालून तिच्यावर पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवलीत, "नाही". काकांनी समोर फ्रीझरचं दार उभं केलंय, "हो". मधून शाळेची बस जाते. पोरं काचेला नाकं लावून बघतात.

आपला कुत्रा कॉर्की अजून आहे. तू आणलंस तेव्हा ते पिल्लू बुटात मावायचं. आता पार बहिरा झालाय, दिवसभर त्या होडीखाली झोपतो.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

एस्किल


११ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी ते चांगलं धरतो.

काकांच्या फ्रीझरच्या दाराची चाळण झालीय. बाबा म्हणतात, रानकोंबड्या मारत होतो. रस्त्याच्या मधोमध, सकाळी, सात गोळ्या. दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीची चारही चाकं बसली होती. मग बाबांनी काकांचं टांगून ठेवलेलं जाळं खाली काढलं आणि सुरीनं उभं फाडलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शांतपणे, मासा साफ करावा तसं. मी गाडीत बसून सूर्यफुलाच्या बिया खात होतो. थांबवायला हवं होतं असं लिहायची पद्धत असते, पण खरं सांगायचं तर मी बिया खात होतो. इतकी वर्षं घराबाहेर राहूनसुद्धा त्यांच्या हातात सुरी दिसली की मी बसल्या जागीच राहतो. तुला माहीत आहे.

मग शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण होतं. लोव्हिनाबाई अजून तशाच, हातात डाव आणि तोंडात हुकूम. मतदानाचं केंद्रही त्याच सांभाळतात, तेव्हा त्यांनी दारावर पाटी लावली होती, इथं फक्त जेवायचं. सुरुवातीला सगळे गुण्यागोविंदानं खात होते. मग बाबांनी घटनेच्या कुठल्यातरी कलमाचा विषय काढला. काकांनी काटा खाली ठेवला आणि अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"बायकोचा हात मोडून आत जाऊन आलेला माणूस मला कायदा शिकवणार."

तू गेल्यापासून हे कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. आईच्या दफनाच्या वेळीसुद्धा नाही. तिला कर्करोगानं नेलं हे एकच सगळे बोलत होते, आणि तुला कळवायचं नाही हे न बोलताच ठरलं होतं.

बाबा टेबलावरून पलीकडे गेले. फिरून नव्हे, वरून. काकांचे पुढचे दोन दात नंतर बटाट्याच्या सॅलडमध्ये सापडले. लोव्हिनाबाईंनी ते रुमालात गुंडाळून काकांच्या खिशात घातले आणि म्हणाल्या, "आर्ने, हे तुझं. आणि हाल्वर, तू ते भांडं घासून दे."

बाबांनी घासलं. मला ते बघवलं नाही, म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. समोरच्या डोंगरावर बर्फ उतरायला लागलंय.

एस्किल


३ ऑक्टोबर

ताई,

काकांचा डावा डोळा गेला. बाबा कोठडीत आहेत. कॉर्की मेला. एकदम लिहून टाकलं, कारण सावकाश लिहायला घेतलं की मी कुठेतरी भरकटतो आणि पान संपतं.

रविवारी दुपारी काका कुऱ्हाड घेऊन आले आणि त्यांनी होडी फोडायला घेतली. त्यांना फक्त "नाही" मोडायचं होतं. बाबा खाली किनाऱ्यावर हिवाळ्यासाठी नांगराचे दोर ओढत होते आणि मी दोर गुंडाळत होतो. लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज आला. आम्ही वर पळालो.

कॉर्कीच्या कानात काही शिरत नव्हतं गं. पहिला घाव पडला तेव्हा तो उठलाच नाही. काकांनी फळी उचकटली तेव्हा त्यांना तो दिसला, आणि काका गुडघ्यावर बसून त्याचं डोकं हातात धरून म्हणत होते, मला माहीत नव्हतं रे, मला माहीत नव्हतं. हे मी ऐकलं. बाबांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही. त्यांना रक्त लागलेली कुऱ्हाड दिसली असणार. त्यांच्या हातात मासे उचलायची काठी होती, टोकाला खिळा असलेली. त्यांनी ती मासा उचलतात तशीच चालवली.

काका ओरडले नाहीत. हात वर नेऊन चाचपून बघितलं आणि मला म्हणाले, "एस्किल, काय झालंय ते बघून सांग रे."

मी सांगितलं.

पोलिसांच्या ट्रूपरला मी नाही बोलावलं. लोव्हिनाबाईंनी बोलावलं. तो आला तेव्हा बाबा कॉर्कीसाठी खड्डा खणत होते, आणि त्यानं खड्डा पुरा होईपर्यंत थांबू दिलं. चांगला माणूस आहे. मला त्यानं बाजूला घेऊन काय काय बघितलंस म्हणून विचारलं. मी म्हणालो, मी दोर गुंडाळत होतो.

एस्किल


२० ऑक्टोबर

ताई,

अक्षर वाईट येतंय. बोटं गाडीच्या दारात सापडली.

बाबा घरी आलेत, जामिनावर. अटी दोन. पहिली, आर्नेकाकांच्या पाचशे फुटांच्या आत यायचं नाही. त्यासाठी काका सध्या लोव्हिनाबाईंच्या मागच्या खोलीत राहतात, कारण त्यांचं घर आपल्या घरापासून मोजलं तर दोनशेही भरत नाही. दुसरी अट मी. इथं कसं चालतं ते तू विसरली नसशील: जामीन हवा तर कोणीतरी न्यायाधीशासमोर हात वर करून सांगायचं की हा माणूस चोवीस तास माझ्या नजरेसमोर राहील, आणि यानं अट मोडली तर त्याच क्षणी मी फोन करीन. नाही केला तर मी आत. न्यायाधीशबाईंनी विचारलं, दुसरं कोणी आहे का. कोणीच नव्हतं. माझ्यासारखा, जो एका गावात दुसरं कॅलेंडर लावत नाही, तो आता एका माणसाच्या झोपेची राखण करतोय. ते संडासात गेले तरी दार अर्धं उघडं. त्यांना वाटतं मी तुरुंग आहे. मलाही.

न्यायाधीशबाईंनी आणखी एक विचारलं, या घरात पूर्वी कोणी अशी तक्रार केली होती का. बाबा समोर भिंतीकडे बघत होते. मी म्हणालो, हो, माझ्या बहिणीनं, ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढे काय झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आई म्हणाली बर्फावर घसरले, पण बहीण मागे हटली नाही, आणि बाबा आत गेले. आणि बहीण? ती गेली, मी म्हणालो. म्हणजे आम्ही तिला घालवलं हे मी नाही सांगितलं, त्यांनी तसं विचारलं नव्हतं.

सध्या दिवसातून दहा वेळा एकच विषय. मतदानाला जायचं. मी म्हणालो, आधीच शहरात जाऊन मत देऊन या, किंवा टपालानं द्या. ते म्हणाले, अठराव्या वर्षापासून त्या हॉलमध्ये मत देतोय, आता चोरासारखं पाकिटातून देऊ? मी म्हणालो, मग काका तिथं नसतील तेव्हाच आत जायचं. त्यावर ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

मी बोटांना बर्फ लावून बसलोय. त्यांना काहीही विचारू नको, म्हणजे मला म्हणायचंय, मला काही विचारू नको.

एस्किल


९ नोव्हेंबर

ताई,

काल मतदान झालं. हे पत्र मी हॉलमधल्याच टेबलावर लिहितोय, लोव्हिनाबाईंनी कागद दिले.

आम्ही सकाळी उजाडायच्या आधी पोचलो. हॉलच्या खिडकीतून दिवा दिसत होता आणि दिव्याखाली घडीच्या खुर्चीत काका. डोळ्यावर पट्टी, मांडीवर खाऊच्या टेबलावरून घेतलेली सफरचंदाची पेस्ट्री. बाबा म्हणाले, थांबू, मत देऊन जाईल.

गेले नाहीत. नऊ वाजले, दहा वाजले. मी रस्त्यापलीकडे पाचशे फूट पावलांनी मोजून गाडी लावली होती, हीटर चालू ठेवून. पेट्रोल संपत आलं. शेवटी बाबांना गाडीत कुलूप घालून मी विचारायला गेलो. नजरेआड झाले, हो, पण गाडी मला दिसत होती.

लोव्हिनाबाई वैतागल्या होत्या. हॉल लहान, म्हणून त्यांचा कित्येक वर्षांचा नियम आहे, मत टाकलं की बाहेर, गप्पा पायरीवर. पण ज्यानं अजून टाकलंच नाही त्याला कसं काढणार? त्यांनी काकांना चार वेळा विचारलं होतं. काका दर वेळी म्हणायचे,

"अजून विचार करतोय."

"उन्हाळाभर 'हो' रंगवत होतास की रे," लोव्हिनाबाई म्हणाल्या.

"मोठा प्रश्न आहे. दहा वर्षांनी येतो." मग माझ्याकडे एका डोळ्यानं बघून म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, मी आठ वाजेपर्यंत विचार करणार."

आठला मतदान संपतं. ताई, मला हसू आलं. दात नाहीत, डोळा नाही, आणि हा माणूस खुर्चीत बसून बाबांचं मत अडवतोय, हात न उचलता. बाबांना आयुष्यात कोणी असं मारलं नसेल.

लोव्हिनाबाईंनी मार्ग काढला. आजारी माणसाची मतपत्रिका त्याच्याकडे पाठवता येते. तू घेऊन जा, तो गाडीत भरील. मी घेऊन गेलो. बाबांनी ती उलटी न करताच परत दिली.

"मी आजारी आहे?"

"नुसतं नाव आहे हो त्याचं, बाबा."

"मी आजारी आहे का, ते सांग."

मी मतपत्रिका लोव्हिनाबाईंना परत नेऊन दिली. तुला कळलंच असेल, बोटं दारात सापडली नव्हती. त्या दिवशी मी चाव्या लपवल्या होत्या. त्यांनी माझा हात टेबलावर दाबून धरला आणि पक्कडीच्या मागच्या बाजूनं, एक एक करून. नंतर स्वतःच पट्टी बांधून दिली, चांगली बांधली. मी फोन केला नाही. तेव्हाच करायला हवा होता. जवळजवळ तीन आठवडे मी स्वतःला सांगत होतो की अट काकांबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही.

चार वाजता अंधारायला लागलं. बाबा गाडीतून उतरले. मी मागे. पायरीपाशी मी म्हणालो,

"आत गेलात तर मी फोन करीन."

ते थांबले. वळले नाहीत.

"कर की. तुझ्या बहिणीनं केला होता. आभाळ नाही पडलं."

आणि आत गेले. मी उंबऱ्यातच नंबर लावला. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, मी दिलं. कोणाबद्दल, तिनं विचारलं. माझ्या वडिलांबद्दल. हे दोन शब्द म्हणायला मला जो वेळ लागला, ताई, तेवढ्यात बाबांनी सही करून मतपत्रिका घेतली होती. त्यांनी काकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पडद्यामागे जाऊन वाकले.

काका उठले, खुर्ची मिटली, आणि ती दोन्ही हातांनी बाबांच्या मानेवर घातली. पहिल्या घावाला बाबा टेबलावर आपटले, दुसऱ्याला कान अर्धा सुटला. तिसरा पडला नाही. बाबा वळले आणि त्यांनी काकांना खाऊच्या टेबलातून आरपार नेलं. वर बसले. एका हातानं गळा धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा काकांच्या चांगल्या डोळ्याकडे नेला. घाईनं नाही. काका दोन्ही हातांनी ते मनगट धरून होते आणि ते तरीही खाली येत होतं. दारातले दोघं जण हातात कोट घेऊन नुसते उभे.

फोनमधली बाई विचारत होती, सर, तुम्ही सुरक्षित जागी आहात का.

भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं असतं ना, ते मी काढलं. डोक्यावर मारायचं होतं. खरंच डोक्यावरच मारायचं होतं, हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार नाही. शेवटच्या क्षणी मनगटावर मारलं. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. बाबा बाजूला कलंडले आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आत्ताच त्या दारातून आलोय.

मग मी हॉलच्या मधोमध ते नळकांडं धरून उभा राहिलो आणि कोणीच हललं नाही.

हलल्या त्या लोव्हिनाबाई. त्यांनी खालून बाबांची मतपत्रिका उचलली. रक्तानं आणि सफरचंदानं भिजली होती. म्हणाल्या, ही खराब झाली, नियमाप्रमाणे दुसरी मिळते. बाबा खुर्चीत बसले, त्यांचा उजवा हात मांडीवर मेलेल्या पक्ष्यासारखा पडलेला, आणि त्यांनी डाव्या हातानं तो छोटासा गोल भरला. पोरानं रंगवावा तसा, रेषेबाहेर जात. यंत्रानं तो आत ओढून घेतला. मग ते ट्रूपरची वाट बघत बसले.

काकांना दलाच्याच रुग्णवाहिकेत घातलं. दुसरा डोळा वाचलाय. दार लावताना त्यांनी लोव्हिनाबाईंचा हात धरला. माझं मत, ते म्हणाले. लोव्हिनाबाईंनी वहीकडे पाहिलं. त्यांच्या नावासमोरची जागा कोरी होती. मतपत्रिका हॉलबाहेर नेऊन कोणाला देत बसायला आता त्यांच्यापाशी माणूस नव्हता, आणि रुग्णवाहिका थांबणार नव्हती. दिवसभर बाबांना अडवायला बसलेल्या माणसाचं स्वतःचं मतच पडलं नाही.

ट्रूपर आला. या वेळी त्यानं काय बघितलंस विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, किनाऱ्यावरचंही, बोटांचंही. बाबा ऐकत होते. गाडीत बसताना ते म्हणाले,

"मारेनला लिहितोस ना? मला माहीत आहे. तिला सांग, तुम्ही दोघंही एकाच मातीची निघालात."

शिवी होती की काय होतं, मी रात्रभर ठरवतोय. तुला त्यांचा आवाज जास्त ओळखीचा, तूच ठरव.


१३ नोव्हेंबर

पाकीट अजून टाकलं नव्हतं, म्हणून खाली जोडतो.

निकाल लागला. "नाही". थोडक्यात नव्हे, राज्यभर, धो धो. बाबा आणि काका दोघंही त्या दिवशी घरी झोपून राहिले असते तरी एका केसाचाही फरक पडला नसता. घटना होती तशी आहे, ती ओळ होती तिथं आहे, आणि किनारा पुढच्या वर्षीही बंद राहणार असं रेडिओवर सांगतात.

काल काकांना न्यायालयात उभं केलं, खुर्चीबद्दल. जामीन हवा तर नजर ठेवायला माणूस हवा. न्यायाधीशबाईंनी दुसरं कोणी आहे का म्हणून विचारलं आणि मागे बघितलं. मी हात वर केला. बाबांना कळेलच.

 गाडीत मी काकांना विचारलं, हॉलमध्ये बसून दिवसभर विचार केलात, शेवटी काय देणार होतात?

"त्या कुत्र्याला कुठं पुरलंय," काका म्हणाले. "तिथं ने मला."

नेलं. ते उभे राहिले, मी पाचशे काय, पाच फुटांवर उभा राहिलो.

ताई, मला एकच विचारायचंय, म्हणून एवढी पत्रं. त्या दिवशी तू स्वयंपाकघरातून फोन केलास, मी जिन्यावर बसलो होतो. तू फोन ठेवलास आणि पोलिसांची गाडी यायला बराच वेळ होता. तेवढ्या वेळात तू काय केलंस? मला आठवत नाही, मी डोळे मिटले होते. मी परवा लोव्हिनाबाईंची कॉफीची भांडी घासली. सगळी घासून झाली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून घासली.

तू काय केलंस तेवढं कळव. हाताचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

एस्किल